साहेबांकडे बघायचं नाही

नाही नाही, तिथे नको ताई — इकडे बसा, बाकाच्या ह्या टोकाला. तिथून दार दिसतं, पण जिना दिसत नाही. इथून दार, जिना आणि ते कॉफीचं मशीन, तिन्ही दिसतात. हं, आता बरोबर. — काय म्हणालात? मला काय वाटलं होतं? अहो, मला वाटलं होतं काय आणि पुढ्यात आलं काय! वाटलं होतं, काळा कोट असेल, कानात वायर असेल, कोर्टाच्या पायऱ्या असतील, खरं बोलायला निघालेली एखादी बाई असेल आणि तिच्या खांद्यामागे मी असेन. आणि आलं काय? छत्री. थट्टा नाही करत, पहिल्या दिवशी कामावर हजर झाले तर पहिल्या दहा मिनिटांत माझ्या हातात छत्री दिली. मग शाल. मग ज्यूसची बाटली. मग दुपारी एका बाईंनी त्यांचं बाळच दिलं — ‘जरा धरा हो, मला साहेबांबरोबर फोटो काढायचाय’ — सहा महिन्यांचं बाळ! तीन वर्षं सातासमुद्रापार राहून मी शिकले कशासाठी, तर एका माणसाचा जीव वाचवायला एक हात कायम मोकळा ठेवायचा असतो हे शिकायला, आणि इथे माझ्या दोन्ही हातांत एक बाळ, आणि ते माझी कॉलर चघळतंय.

तर हा पहिला धडा. हातात काही घ्यायचं नाही. कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. मेकअपवाल्या मावशी लाडीगोडी लावतील, ‘एवढी पिशवी धर गं राणी,’ — नाही म्हणायचं. त्या रुसतात. दोन दिवस रुसतात, तिसऱ्या दिवशी तुमच्याच केसांना पिना लावून देतात. माझा त्यांनी ‘रिकामी’ असाच उल्लेख सुरू केला होता. ‘ती रिकामी आली का?’ म्हणून विचारायच्या.

पाच वाजता चार्ज तुमच्याकडे. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. माझं घड्याळ बरोबर आहे, बाबांनी लावलंय, बाबा घड्याळंच दुरुस्त करतात. साहेब आत डबिंग करताहेत — दारावर तो लाल दिवा दिसतोय ना, तो लागलेला असेतोवर कुणी आत जात नाही, कुणी बाहेर येत नाही. आत साहेब आणि साउंडवाला. खिडकी नाही, दुसरं दार नाही. दिवसभरातली हीच काय ती पाठ टेकायची वेळ. म्हणून म्हटलं, बोलून घेऊ. — ही फाइल तुमची. वेळापत्रक, ड्रायव्हरकाकांचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, साहेबांचा रक्तगट. शेवटचं पिवळं पान नंतर बघा. नाही, विशेष काही नाही, नियम आहे म्हणून लावलंय. नंतर.

सिनेमा कसला? अय्या, आपल्या एजन्सीच्या मॅनेजरनी सांगितलं नाही तुम्हाला? तीच तर गंमत! सिनेमा बॉडीगार्डचाच आहे. रोज रात्री नऊच्या बातम्या देणारी एक बाई, सगळ्या देशाला तिचा चेहरा पाठ. तिला धमक्या येतात — आणि कशा येतात ऐका — ती कॅमेऱ्यासमोर ज्या पडद्यावरून बातम्या वाचते ना, त्या पडद्यावरच, बातम्यांच्या मधेच एक ओळ सरकत येते : ‘आज घरी जाऊ नकोस.’ आता ती लाइव्ह आहे! थांबायचं तरी पंचाईत, वाचायचं तरी पंचाईत. मग तिला एक रक्षक देतात. ते आपले साहेब. मग पाठलाग, मग प्रेम, मग आणखी पाठलाग, आणि मग कळतं की ती ओळ लिहिणारा — नाही, ते नाही सांगणार, तिकीट काढून बघा. पोस्टरवर साहेब असे दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभे आहेत, की गोळी आली तर पहिली मला. आणि त्याच पोस्टरच्या कार्यक्रमात साहेबांच्या मागे कोण? त्यांच्या कोपराला लागणारी मी. पाच फूट दोन इंच. माझ्या आईने तो फोटो बघितला आणि म्हणाली, ‘अगं, पण ह्यात वाचवणार कोण कुणाला?’ माझा दादा तर अजून फोन केला की ‘छत्रीविभाग बोलताय का?’ म्हणूनच सुरुवात करतो.

बाईच का ठेवली, तेही सांगते. माझ्या आधी जो होता, तो चांगला धिप्पाड होता. त्याने गर्दीत एका आजींना कोपराने ढकललं. आजी पडल्या नाहीत, पण तो व्हिडिओ देशभर गेला. मग निर्माता म्हणाला, बाई द्या, बाई असली की शोभून दिसतं. शोभून! मी आमच्या मॅनेजरला म्हटलं, मी शोभेसाठी नाही आलेय. ते म्हणाले, ‘हे बघ, शोभेसाठी जा नाहीतर क्रांतीसाठी जा, मला देणंघेणं नाही. पण एक ऐक. ह्या एजन्सीतून गेलेली तू पहिली बाई. ह्या खणात अकरा बायकांचे अर्ज पडलेत. तू नीट राहिलीस तर खण उघडेन. चुकलीस तर किल्ली फेकून देईन.’ अकरा अर्ज, ताई. मी ते डोळ्यांनी बघितले. जाड हिरव्या दोऱ्याने बांधलेले. त्यानंतर रोज सकाळी बूट घालताना मी स्वतःशी म्हणायचे, अकरा जणी. नाडी बांधायची, अकरा जणी. हसू नका — बरं, हसा, पण खरं आहे ते. मी परत आले तीच मुळी त्यासाठी. तिकडे शिकताना एकदा आम्हाला कोर्टाबाहेर उभं केलं होतं, नुसतं बघायला. एक म्हातारी साक्षीदार आली, हातात हिरवी पर्स, पाय लटपटताहेत, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन साध्या बायका, साध्या कपड्यांतल्या. कुणाला धक्का नाही, आरडाओरडा नाही. ती म्हातारी पायऱ्या चढली आणि वर गेल्यावर तिने मान ताठ केली. बस, एवढंच. मी तिथल्या तिथे ठरवलं, हे आपल्याकडे न्यायचं. आपल्याकडे खरं बोलणाऱ्या बायका कमी आहेत का? त्यांच्या शेजारून चालणारं कुणी नाही, एवढंच कमी आहे. — हे सगळं मी मॅनेजरला पण सांगितलं होतं. ते म्हणाले, आधी साहेबांची छत्री सांभाळ.

असो. दुसरा धडा. चेहरे बघायचे नाहीत, हात बघायचे. चेहरा हसतो, रडतो, काहीही करतो. हात खोटं बोलत नाहीत. गर्दीत कुणाचे हात खिशात आहेत, कुणाचे पाठीमागे आहेत, कुणाच्या हातात फोन आहे आणि कुणाच्या हातात फोन असायला हवा होता पण नाही — डोळे सारखे तिथे. आणि तिसरा धडा, सगळ्यात मोठा, ज्याच्यासाठी तुम्हाला इथे बसवून घेतलं म्हणा ना. ज्याला राखायचं त्याच्याकडे बघायचं नाही. कधीच नाही. त्याच्याकडे सगळं जग बघतंय, त्याला आणखी एक जोडी डोळ्यांची गरज नाही. तुमचे डोळे जगाकडे.

मग त्याचं काय चाललंय ते कळतं कसं? कानाने, ताई! सवय होते. डावा बूट करकरतो. तीनदा बदलले बूट, तरी डावाच करकरतो, चालच तशी आहे. घाबरला की भराभर चालतो. थकला की चष्मा काढून शर्टाला पुसतो, तो आवाज येतो बारीकसा. आणि हसायच्या आधी नाकातून असा एक छोटा श्वास सोडतो, म्हणजे हसू यायच्या आधीच मला कळतं की आता हसणार, आणि मग — काय? ‘तो’ म्हणाले मी? छे. साहेब. साहेबच म्हणायचं. मघापासून म्हणतेच आहे की साहेब.

तर साहेब. त्यांचं सांगते. सिनेमात तिसऱ्या मजल्यावरून उडी मारतात, आणि पाल दिसली की खुर्चीवर चढतात. खरंच! एकदा आतून दार वाजलं, मी आत शिरले, पवित्रा घेऊन शिरले, तर हे खुर्चीवर उभे आणि बोट भिंतीकडे. मी पाल हाकलली. म्हणाले, ‘हे कुणाला सांगू नका.’ म्हटलं, अहवालात लिहावं लागेल. त्यांचा चेहरा असा पडला — म्हणजे, असं मला मावशींनी सांगितलं, मी कुठे बघत होते. फावल्या वेळात शब्दकोडं सोडवतात, पेनाने, आणि चुकतात, आणि सगळ्यांना विचारत सुटतात. ड्रायव्हरकाकांना, लाइटवाल्यांना. मलाही एकदा विचारलं, ‘उभा अकरा, राखणारा, चार अक्षरी?’ म्हटलं, ड्युटीवर असताना मी कोडी सोडवत नाही. दहा मिनिटांनी मागे न वळता मीच म्हटलं, ‘राखणदार पाच अक्षरी होतं. पहारेकरीही पाच. रखवाली — नाही, ते चार आहे पण ते काम झालं, माणूस नाही.’ मागून तो श्वास ऐकू आला. नाकातून. — संध्याकाळी सात वाजता आईला फोन करतात आणि जेवलो म्हणून खोटं सांगतात. त्यानंतर पंधरा मिनिटं कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. ते का, ते मला विचारू नका, मीही कधी विचारलं नाही. फक्त उभं राहायचं.

आणि दिग्दर्शकांपासून जरा सांभाळून. मनाने चांगले, पण पटकन भडकतात. माझं त्यांच्याशी भांडण झालं ना! तिसऱ्या आठवड्यात. सीन असा, बाजारात गर्दी, मधून बातम्यांवाली चाललीय आणि साहेब तिच्याकडे टक लावून बघताहेत, असे, दुधावरची साय बघावी तसे. मला राहवेना. मी तोंड उघडलं. म्हटलं, हा असा बघत राहिला तर ती पुढच्या चौकात मरेल. दिग्दर्शक म्हणाले, ‘बाई, तुम्ही कोण?’ म्हटलं, ‘मी ती आहे जी ह्यांच्याकडे तीन आठवडे झाले बघितलेलं नाही.’ ते म्हणाले, ‘अहो, पण त्याने बघितलंच नाही तिच्याकडे, तर प्रेम कसं दिसणार लोकांना?’ आणि मी — आता मला सांगा, मला काय गरज होती — मी म्हटलं, ‘तो अख्ख्या बाजाराकडे बघतो आणि तिच्या एकटीकडे बघत नाही, ह्याच्याहून जास्त काय दाखवायचंय?’

दिग्दर्शक टोपी काढून डोकं खाजवत बसले. दुसऱ्या दिवशी आख्खा सिनेमा बदललेला! आता त्यात साहेब शेवटच्या सीनपर्यंत तिच्याकडे एकदाही बघत नाहीत. शेवटी धमकीवाला पकडला जातो, साहेबांची नोकरी संपते, ते वाचनालयाच्या पायऱ्या उतरत येतात, ती खालच्या पायरीवर उभी असते, आणि तेव्हा ते पहिल्यांदा तिच्याकडे बघतात. संवाद नाही. नुसतं बघणं. मला म्हणाले, ‘आता ह्यांना शिकवा, कसं बघायचं नाही ते.’ म्हणजे झाली का पंचाईत! रोज सकाळी एक तास मी साहेबांना शिकवायचं, तेही त्यांच्याकडे पाठ करूनच. कसं उभं राहायचं, गर्दी कशी कापायची, माणूस कसा ओढायचा. हेही लक्षात ठेवा — खांद्याला धरून ओढलं तर माणूस गरकन फिरतो आणि पडतो. पट्ट्याला धरायचं. पट्टा धरला की सबंध माणूस तुमच्याबरोबर येतो. साहेबांना ते जमेना. माझ्या पट्ट्याला हात लावायलाच लाजायचे. नायिकेला उचलून धावायचे, पण माझ्या पट्ट्याला बोट लावून म्हणायचे, ‘सॉरी, सॉरी.’ शेवटी मी ओरडले, ‘इथे मी मेले असते एव्हाना, सॉरी काय म्हणताय!’ मग धरला. नीट धरला.

हा माझा पट्टा नवा आहे, म्हणून मी मघापासून चाळा करतेय. कडक आहे अजून. जुन्याची बक्कल तुटली.

कशी म्हणजे... तो व्हिडिओ बघितलात ना तुम्ही? सगळ्यांनीच बघितलाय. आत्याने तर त्यातला फोटो काढून माझ्या आत्येभावाच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावलाय. वाचनालयाच्या पायऱ्या, शूटिंगचा शेवटचा दिवस, चौकात ही गर्दी, दोरीच्या अलीकडे मी, आणि एकदम तो मोठा लाइटचा स्टँड कलंडतो आणि मी झेप घेऊन साहेबांना खाली पाडते आणि त्यांच्यावर आडवी पडते. ‘वाघीण.’ ‘बाई असावी तर अशी.’ मॅनेजरनी फोन केला, फोनवरच हसत होते, म्हणाले, ‘खण उघडतोय बरं का, उद्याच उघडतो, फोटो फ्रेम करून ऑफिसात लावतोय.’ दादाने पहिल्यांदा छत्रीविभाग म्हटलं नाही. आईने शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला. सगळे खूश. म्हणजे काही बोलायची गरजच नव्हती हो, ताई. कुणालाच काही —

अहो, ते पिवळं पान नंतर म्हटलं होतं ना मी? वाचलंत? सगळं? खालचा शेरापण? — बघू. हं. वाचलंत. आता हसताय कशाला? नाही, हसा. बारा दिवस मी एकटीच हसतेय, कुणीतरी जोडीला हवंच होतं.

बरं. मग नीटच ऐका. मी दोरीपाशी होते, पाठ साहेबांकडे, तोंड गर्दीकडे, जसं असायला हवं तसं. माझ्या आणि त्यांच्यामध्ये नायिका. ‘ॲक्शन’ झालं. चौक गप्प. पायऱ्यांवर बूट ऐकू येतोय, उजवा, डावा — कर्र — उजवा, डावा — आणि थांबला. एक पायरी आधीच थांबला. तालमीत चौदा पायऱ्या होत्या, तेराव्यावर थांबला. मला वाटलं, पाय मुरगळला की काय. मी वळून बघितलं. आता बघितलं तर बघितलं, अर्ध्या सेकंदात मान परत वळवायची, हे मी झोपेतही करते. नाही वळवली. सहा सेकंद. नंतर मी मोजले त्या व्हिडिओत, बाबांच्या घड्याळाने. सहा सेकंद माझी पाठ गर्दीकडे, आणि मी दुकानाच्या काचेपाशी उभ्या राहिलेल्या लहान मुलीसारखी — चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला समोरून बघत होते, ताई. कानाच्या पाळीवर तीळ आहे, मला माहीतच नव्हतं. आणि त्या सहा सेकंदांत माझ्यामागे कुणीतरी फोटो घ्यायला म्हणून स्टँडच्या दोरीवर पाय ठेवून वर चढलं. स्टँड माझ्या डोक्यावर येत होता. मी नाही बघितला. मी नाही झेप घेतली. तो आला, उरलेलं अंतर एका ढांगेत, नायिकेला ओलांडून, आणि माझा पट्टा धरला. बक्कल धरून असं ओढलं. खांदा नाही हं, पट्टा! सॉरीसुद्धा नाही म्हणाला. मी त्याच्यावर जाऊन आदळले, आणि गर्दीच्या फोनमध्ये फक्त माझी पाठ. त्याचा हात कुणालाच दिसला नाही.

म्हणजे मी ज्याला राखायचं त्याने मला राखलं. आमच्या धंद्यात ह्याहून मोठी नामुष्की नाही. आणि सगळे टाळ्या वाजवताहेत.

कॅमेरा? तो होता ना, पण फक्त त्याच्या डोळ्यांवर, एवढा जवळ. तोच शॉट ठेवलाय सिनेमात. दिग्दर्शक नुसते कुरकुरले, ‘नजर हिच्या डोक्यावरून दोन इंच वर जातेय, पण असू दे, बघतोय काय बघतोय!’ आता सगळा देश तिकीट काढून ते बघणार आणि म्हणणार, काय प्रेम आहे बातम्यांवालीवर. बघा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी — हो, हेच सांगायचं होतं तुम्हाला, म्हणून एवढी बडबड — दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी बाबांच्या दुकानात जाऊन बसले. शटर अर्धंच वर. बाबा डोळ्याला भिंग लावून कुणाच्यातरी मनगटी घड्याळात शिरलेले. घटना अहवालाचा फॉर्म समोर ठेवला, पिवळा. अर्धा तास मी नुसतं पेनाचं टोपण काढतेय, लावतेय. बाबांनी मान वर न करता विचारलं, ‘चूक कुणाची झाली?’ म्हटलं, माझी. ‘मग लिही की. हे पेन चालत नाही का? दुसरं देऊ?’ एवढंच बोलले. मी म्हटलं, बाबा, पण अकरा जणींचं काय? मी लिहिलं तर तो खण बंद होईल. ते म्हणाले, ‘आणि नाही लिहिलंस तर त्यांना खोट्या व्हिडिओवर नोकरी मिळेल. उद्या त्यातली एखादी स्टँडखाली सापडली, तर?’ मग मी लिहिलं. काय घडलं : क्लायंटने मला वाचवलं. कारण : मी क्लायंटकडे बघत होते. पुन्हा घडण्याची शक्यता : — असा रकाना असतो, खरंच असतो — शक्यता : आहे. नक्की आहे. म्हणून मला ह्या कामावरून मोकळं करावं. माझ्या जागी बाईच पाठवावी. चूक माझी आहे, बायकांची नाही. सही, तारीख, आणि तिन्ही प्रती टपालपेटीत.

तिन्ही! तिथे तर घोटाळा झाला ना. पेटीत हात घालून ओढायला गेले, तोवर गेल्या आत. एक प्रत ऑफिसला, एक विम्याला, आणि तिसरी? तिसरी क्लायंटला. वाचून सही करून परत पाठवायची असते. नियमावलीत मीच लाल शाईने अधोरेखित केलेलं वाक्य! शिकून आलेली ना मी, मोठी. जगातल्या कुठल्या मुलीने असं छापील फॉर्मवर, तीन प्रतींत —

तिसऱ्या दिवशी ती प्रत परत आली. सही होती. आणि शेऱ्याच्या रकान्यात ते, जे वाचून तुम्ही मघाशी हसलात. ‘तक्रार नाही. मीही तिकडेच बघत होतो, म्हणून स्टँड दिसला.’ पेनाने. एक अक्षर खोडून परत लिहिलंय, कोड्यात करतो तसं.

नाही, बोललो नाही. ड्युटीवर असताना क्लायंटशी खासगी बोलायचं नाही, आणि ड्युटी पाचपर्यंत आहे. तो नियम त्यालाही मीच शिकवलाय. बारा दिवस मी एकदाही वळून बघितलेलं नाही आणि तोही एक शब्द बोललेला नाही. नुसता बूट करकरतो. आज त्याच शेवटच्या सीनचं डबिंग आहे. संवाद नाही, एकच श्वास द्यायचाय. त्या एका श्वासाला दुपारी दोनपासून आत बसलाय. साउंडवाला मघाशी दिवा बंद करून पाणी प्यायला आला होता, मला म्हणाला, ‘बाई, तुम्ही काय करून ठेवलंय ह्यांचं?’

मॅनेजर? चार दिवसांनी बोलावलं. फ्रेम काढून ठेवली होती भिंतीवरून, तिथे नुसता खिळा. म्हणाले, ‘तुझी भाषणं नकोत. शिक्षा म्हणून एक काम देतोय, कुणी घ्यायला तयार नाही. शाळेतल्या एक निवृत्त कारकून बाई आहेत, संस्थाचालकांविरुद्ध साक्ष द्यायचीय, आठवड्यातून तीनदा कोर्टात न्यायचं-आणायचं. नाव नाही, फोटो नाही, काही नाही.’ ताई, मी तिथे हसले असते तर त्यांनी ते काम काढून घेतलं असतं! मी तोंड एवढंसं करून ‘बरं’ म्हटलं आणि जिन्यात जाऊन उडी मारली. सोमवारपासून. मी त्यांना भेटून आले. पर्स तपकिरी आहे, हिरवी नाही, पण चालेल.

आणि खणाचं काही बोललेच नाहीत. मीही विचारलं नाही. धीरच झाला नाही. आज सकाळी नुसता निरोप आला, चारला बदली येईल. मला वाटलं, येईल कुणीतरी धिप्पाड. मग खालून जिन्यावर पावलं ऐकली, हलकी, सपाट चपलांची — तुम्ही वर आलात तेव्हा मी उभी राहिले ना, ते शिष्टाचार म्हणून नव्हे हो. मला बसवेचना. तुमचा अर्ज कितवा होता? सातवा? अहो, म्हणजे खालून पाचवा. बघितलाय मी. पोहणं शिकवायचात ना तुम्ही?... रडत नाहीये. मशीनची वाफ आहे.

किती वाजले? पाचला दोन कमी. थांबा, मी कॉफी घेते — नाही, तुमच्यासाठी नाही. तुम्ही हातात काही घ्यायचं नाही, आत्ता काय सांगितलं मी? दोन कप. साखर एकातच.

झाले पाच. ही किल्ली, हा वॉकी. चार्ज तुमचा.

अरे — दिवा गेला! मिळाला वाटतं श्वास. उठा, उठा ताई, दाराच्या उजव्या अंगाला, दोन पावलं मागे. दार उघडलं की तुमचे डोळे बाहेर. बाहेर म्हणजे कुठे काय? कॉरिडॉरमध्ये कुणी नाही म्हणता? मी आहे ना! मी आता गर्दीतली. माझे हात बघा — बघितलेत? दोन्ही भरलेत. मग जाऊ द्या मला पुढे. आणि साहेबांकडे बघू नका. तेवढं माझ्यावर सोडा.